दोघींपैकी कुणीही एक

सकाळी कामावर जायला म्हणून तिने दार उघडलं, तर समोरच्या पायरीवर एक माणूस संत्रं सोलत बसला होता. बसला होता म्हणजे असा ऐसपैस, की ही पायरी त्याच्या घरचीच असावी. मांडीवर रुमाल पसरलेला, त्यावर साली नीट रचलेल्या, एकही खाली पडू दिली नव्हती. तिला बघून तो उठला नाही. थोडा सरकला, वाट करून दिली आणि म्हणाला, "दातवाल्या ताई तुम्हीच ना? सावकाश आवरा, मला घाई नाही." इमारतीत तिला सगळे दातवालीच म्हणत. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती, डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं यायची आणि ती त्यावरून कवळ्या आणि कॅपा बनवायची. पण हा माणूस इमारतीतला नव्हता. तिने कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि मग विचारलं, काय काम आहे. "मालकांनी पाठवलंय," तो म्हणाला. "तीन महिन्यांचं भाडं आलेलं नाही." तिला आधी हसूच आलं. "माझं अर्धं मी दर महिन्याला देत आलेय. माझ्याबरोबर राहायची तिच्या हातात. ती तुमच्या ऑफिसवरूनच कामाला जायची, म्हणून तीच भरायची." त्याने मान डोलावली. "दिलं असेल. मी कुठे नाही म्हणतोय?" मग बोटं रुमालाला पुसून त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला, आणि मास्तरांनी धडा दाखवावा तसं एका ओळीवर बोट ठेवलं. "खाली सही तुमचीच ना? मग हे वाचा. थकलेलं सगळं भाडं दोघींपैकी कुणाही एकीकडून पूर्ण वसूल करता येईल. यात अर्धं हा शब्द कुठेच नाही ताई. मी दोनदा शोधला." आवाज एवढा गोड, की कुणाला वाटावं लांबचा मामा खुशाली विचारायला आलाय. तिने वाचलं. सही तिचीच होती, खालच्या रेघेवरून थोडी वर चढलेली. "दुसऱ्या ताई कुठे असतात हल्ली?" त्याने विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "मग तुमच्याशीच बोलायचं," तो म्हणाला. "आठ दिवस. मालक भला माणूस आहे, पण नवव्या दिवशी कुलूप आमचं असेल." आणि त्याने संत्र्याची एक फोड तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. का घेतली हे तिला जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत कळलं नाही. तोंडात फोड धरूनच ती चालत राहिली, गिळवेना आणि थुंकायलाही जागा सापडेना.

लॅबमध्ये दिवसभर बोटांना संत्र्याचा वास येत राहिला. प्लास्टर कालवलं, मेण वितळवलं, तरी तो वास काही हटेना. लॅब म्हणजे एका दुकानावरची लांबट खोली, पाच टेबलं, पाच दिवे, आणि सगळ्यांवर पांढरी भुकटी. मास्तर म्हणजे लॅबचे मालक, तीस वर्षं दात घासून घासून त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. भुकटीने की वयाने ते कुणी सांगू शकलं नसतं. मास्तरांचा एकच नियम होता, की तोंडाला नाव नसतं. मापासोबत चिठ्ठी येते, चिठ्ठीवर नाव असतं, ते वहीत गेलं की विसरायचं. माणूस ओळखायचा नाही, दात ओळखायचा. तिला हे फार लवकर जमलं होतं. रस्त्यात कुणी बोलायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडेच बघायची, आणि घरी आल्यावर चेहरा आठवायचा नाही, वरचा सुळा मात्र आठवायचा. आता वसुलीवाल्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांपुढे खालचे बारीक, पिवळसर, एकाला एक चिकटून बसलेले दात तेवढे आले. आणि जिच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत काढली, तिच्याबद्दल कुणी विचारलं असतं, गाव कोणतं, घरी कोण आहे, आधी कुठे राहायची, तर हिला धड एक उत्तर देता आलं नसतं. तोंड मात्र पाठ होतं. पुढच्या दोन दातांमध्ये तांदळाचा दाणा जाईल एवढी फट. डावीकडचा सुळा जरासा वळलेला. खाली एक दात दुसऱ्याच्या अंगावर रेललेला.

त्या खोलीतल्या मैत्रिणीला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती कधी बंद व्हायची नाही. जे दिसेल ते मोठ्याने वाचायची. औषधाच्या बाटलीवरचं, पिशवीवरचं, भिंतीवरचं, बातम्या द्याव्यात तशा आवाजात. आणि प्रत्येक 'स' त्या फटीतून बारीक शिट्टी होऊन बाहेर यायचा. भाड्याच्या कागदावर सह्या करायला दोघी मालकाच्या ऑफिसात गेल्या, तेव्हासुद्धा तिने तो अख्खा कागद असाच वाचून दाखवला होता. कारकून कंटाळून खिडकीबाहेर बघत होता. त्या ओळीपाशी ती थांबली. "दोघींपैकी कुणीही एक," तिने परत वाचलं आणि हसली. "म्हणजे दातूबाई, आपल्यातली एक मेली तरी मालकाचं बरं चाललंय." हीही हसली होती आणि सही केली होती. सही वर का चढली होती ते आता आठवलं, हसताना हात हलला होता. त्या वेळी हिच्याकडे काम नव्हतं. आधीची लॅब बंद पडली होती, मास्तरांनी अजून घेतलं नव्हतं, आणि दादाच्या घरातून ही दोन पिशव्या घेऊन बाहेर पडली होती. तिथे वहिनी प्रत्येक पोळी मोजून वाढायची. या आठवणीपुढे अजून एक आठवण होती, पण तिथपर्यंत ती गेली नाही. मध्येच एक कॅप भट्टीतून काढायची होती, ती काढली.

रेडिओ गेली त्याला आता अकरा दिवस झाले होते. भांडण नाही, चिठ्ठी नाही. ही दुपारी कामावर असताना ती गेली, आणि जाताना सगळं बरोब्बर अर्धं घेऊन गेली. चारपैकी दोन ताटल्या, दोनपैकी एक बादली, सहा चिमट्यांपैकी तीन. साबणाची वडीसुद्धा सुरीने मधोमध कापून अर्धी ठेवली होती. त्या संध्याकाळी ते बघून हिला राग आला नव्हता. उलट बरंच वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. खोली मोकळी झाली होती, आणि हिच्या मनात कधीपासून एक गोष्ट होती. त्याच संध्याकाळी तिने आईला फोन केला, की आता जागा झाली, तू ये. आई दादाकडे बोळातल्या दिवाणावर झोपायची. तिथून जाता-येता सगळ्यांचे पाय लागायचे आणि सगळे सॉरी म्हणायचे. आई फोनवर अगदी हळू बोलायची, भिंतीला कळू नये अशी. "तुला अडचण नसेल तरच हं," असं ती आधी म्हणाली होती. आणि काल म्हणाली, "मी बोचकं बांधून ठेवलंय. वहिनीला सांगितलंय की पहिल्या तारखेला जाणार. ती काही बोलली नाही गं, पण दिवाण कुठे हलवायचा ते मापून बघत होती." आता तिथला दिवाण हललेला असणार आणि इथे नवव्या दिवशी कुलूप लागणार. आईला मागे ठेवायला जागा उरली नव्हती आणि पुढे आणायलाही. भाड्याचा तो आकडा हिच्या दीड वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त होता. दादाकडे मागायचा विचार तिने मनात आणला आणि तोंड कडू झालं.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा संध्याकाळ होती, आणि या वेळी पायरीवर नाही, आत. ती दार उघडं टाकून नळावर पाणी भरायला गेली होती. बादली घेऊन आली तर तो खिडकीपाशी उभा. "दार उघडं होतं," तो म्हणाला, जसं काही चूक दाराची होती. त्याच्या हातात तो साचा होता. रेडिओच्या दातांचा पांढरा साचा, वरचा आणि खालचा जबडा, खिडकीच्या फळीवर कायम असायचा. मास्तरांकडे लागल्यावर हिला नव्या प्रकारच्या कॅपेवर हात बसवायचा होता, आणि रेडिओची एक दाढ तुटलेली होती. म्हणून हिने घरातल्या स्टुलावर बसवून तिचं माप घेतलं होतं. तोंडात मापाचा ट्रे असल्यामुळे रेडिओ तीन मिनिटं गप्प होती, दोन वर्षांत तेवढीच. दाढेची कॅप बनवली आणि ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून फुकट बसवून घेतली. त्या कॅपेवर हिच्या हातून एक खाच जास्त पडली होती. मास्तर म्हणायचे, तुझ्या प्रत्येक दाढेवर एक खाच जास्त असते, सहीसारखी. पुढे तो साचा किल्ल्या अडकवायला कामी यायला लागला. तर त्या साच्याचे वरचे पुढचे चार दात आता वसुलीवाला अंगठ्याने एकेक करून चाचपत होता, बाजारात भाजी बघावी तसे. "कुणाचे?" त्याने विचारलं. "कुणाचे नाहीत. नमुना आहे." "छान आहेत," तो म्हणाला आणि साचा होता तिथेच, अगदी त्याच जागी ठेवला. "दुसऱ्या ताईंचा काही पत्ता?" नाही. "बघा. आमचं काय, कुणाकडूनही मिळालं तरी सारखंच. मी आपलं तुमच्या बाजूने विचार करत होतो." तो गेल्यावर तिने ते चार दात ओल्या फडक्याने पुसले. एकदा पुसून भागलं नाही, परत पुसले.

आणि सहाव्या दिवशी रेडिओ लॅबमध्ये आली. म्हणजे तिचं तोंड आलं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून रोजच्यासारखा डबा आला, त्यात तीन मापं, तीन चिठ्ठ्या. तिने प्लास्टर ओतलं, सुकू दिलं, पहिलं सोडवलं, दुसरं सोडवलं, आणि तिसरं ट्रेमधून निघालं तेव्हा समोर ती फट होती. तो वळलेला सुळा होता. डाव्या दाढेवर हिचीच कॅप होती आणि तिच्यावर हिचीच जास्तीची खाच. चिठ्ठीवर नाव भलतंच होतं, कुठल्या तरी बाईचं, साधंसुधं. खालच्या उजव्या दाढेला कॅप, गुरुवारी चार वाजता बसवायची. तेवढंच. ती तो साचा हातात धरून बसून राहिली. नाव बदललं, खोली बदलली असेल, कामही बदललं असेल, पण दाढ दुखायला लागल्यावर जाणार कुठे, माहितीतली एकच डॉक्टर. आणि मग दुसरा विचार आला, तो हळूच आला आणि मग काही केल्या जाईना. रेडिओला पक्कं माहीत होतं, की डॉक्टरीणबाईंची मापं या लॅबमध्ये येतात. कुणाच्या टेबलावर येतात हेही. नाव बदलून काय उपयोग, दातूबाई आपल्याला ओळखणारच, हे तिला कळत नसेल? कळून आली होती. म्हणजे एक तर तिला इलाज नव्हता, नाही तर तिचा हिच्यावर विश्वास होता. "कुणाचं गं?" मास्तरांनी पलीकडून विचारलं. "कुणाचं नाही," ती म्हणाली, आणि मास्तर खूश झाले.

आता सरळ गोष्ट अशी होती, की गुरुवारी चार वाजता तिने स्वतः दवाखान्याबाहेर जाऊन उभं राहायचं. समोरासमोर विचारायचं, बाई गं, माझं तीन महिन्यांचं अर्धं कुठे गेलं, आणि तुझं कुठे गेलं. काही अडचण असेल, सांग, दोघी मिळून मालकाकडे जाऊ, हप्ते मागू. मंगळवारभर तिने हे संभाषण मनात घोळवलं. रेडिओ काय म्हणेल तेही तिला ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी ते एकाच जागी येऊन अडायचं. कारण रेडिओने फक्त एवढं विचारलं असतं, की पहिले चार महिने आठवतात का. लॅबमध्ये जिथपर्यंत ती गेली नव्हती ती आठवण हीच. हिच्याकडे काम नव्हतं ते चार महिने खोलीचं पूर्ण भाडं रेडिओने भरलं होतं. दोघींचं. कुठून भरलं, हिने विचारलं नाही. काम लागल्यावर परत करायचं ठरलं होतं, म्हणजे हिने मनात ठरवलं होतं. एकदा विषय काढला तर रेडिओ म्हणाली, "अर्ध्याचं काय घेऊन बसलीस," आणि हिने तो विषय लगेच खाली ठेवला, जड पिशवी ठेवावी तसा, तो परत उचललाच नाही. पुढे बचत सुरू केली, ती आईसाठी. आईसाठी म्हटलं की कुणी काही बोलू शकत नाही, स्वतःसुद्धा. तीन महिन्यांचं भाडं रेडिओने का भरलं नाही कुणास ठाऊक. पण हिशेबच करायचा म्हटला तर तो कुणाच्या अंगावर उलटेल हे हिला चांगलं माहीत होतं. म्हणून दवाखान्याबाहेर जाऊन उभं राहणं तिला नको होतं. पैसे नसले तरी माणूस समोर उभा राहू शकतो, पण हे वेगळं होतं.

बुधवारी सकाळी तो पायरीवर होता. रुमाल, संत्रं, सगळं तसंच. आदल्या संध्याकाळी आईचा फोन येऊन गेला होता. दिवाण हलवला होता, आणि त्या जागी कपड्यांचं कपाट आलं होतं. आई आता बोचक्याशेजारी सतरंजीवर झोपत होती. "चारच दिवसांचा प्रश्न आहे," असं आई हसत म्हणाली होती. दार ओढून घेऊन ती वसुलीवाल्यापुढे उभी राहिली. काही ठरवलं नव्हतं, हे ती नंतर स्वतःला पुष्कळदा सांगणार होती. फक्त त्याने विचारलं, "काही जमलं का ताई?" आणि हिच्या तोंडातून दवाखान्याचा पत्ता बाहेर पडला. मग चार वाजता. मग गुरुवारी. मग ते दुसरं नावही. सगळं मिळून एका वाक्यात मावलं. रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं ती सांगत होती, डावीकडे वळलं की दुसरी इमारत, खाली चष्म्याचं दुकान आहे. त्याने काही लिहून घेतलं नाही. साली रुमालात बांधल्या, उठला, प्रथमच उठला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो केवढा उंच आहे. "तुम्ही काही सांगितलं नाही," तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही. आईंना आणताय ना? आणा. म्हातारं माणूस घरात असलं की बरं." आईचं याला कुणी सांगितलं, हे विचारायला तिने तोंड उघडलं, पण तो दोन-दोन पायऱ्या उतरून गेला होता. "बोलायचंच आहे त्याला तिच्याशी," ती मोकळ्या जिन्याला म्हणाली. "पैसे मागेल, आणखी काय करेल?" आणि कामाला गेली.

गुरुवारी चार वाजता ती कॅप घासत होती. घड्याळ बरोबर समोरच्या भिंतीवर होतं. दवाखान्यात जायची ती दुसरी कॅप, रेडिओच्या दाढेची, सकाळीच गेली होती. पोचली असेल, बसवत असतील. सवा चार. आता आ करून बसली असेल, म्हणजे गप्प असेल. साडेचार. आता बाहेर आली असेल. इथे घासायचं यंत्र तिच्या हातातून सुटलं आणि अंगठ्याला लागलं. मास्तर म्हणाले, लक्ष कुठे आहे. तिने अंगठा तोंडात धरला आणि जिभेला प्लास्टरची आणि रक्ताची चव लागली. त्यापुढे काहीच झालं नाही. शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी दाराखालून सरकवलेली एक पावती सापडली. तीन महिने, पूर्ण, बाकी काही नाही, खाली ऑफिसचा शिक्का. तिने ती तीनदा वाचली. बघ, दिले ना शेवटी. होते म्हणजे तिच्याकडे. कानातलं मोडलं असेल, कुणाकडून उसने घेतले असतील. असतात माणसाच्या सोयी. रविवारी आई आली. बोचकं एवढं लहान होतं की हिला रडूच आलं. आईने खोलीभर हात फिरवला, नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, आणि आपला सुईदोरा कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे बघून तो त्या पांढऱ्या साच्यात, जबड्याच्या पोकळीत ठेवून दिला. "हे काय गं भयंकर?" आईने विचारलं. "राहू दे," ती म्हणाली, "कामाचं आहे." अर्धा साबण संपत आला होता, आईने नवीन वडी काढली. त्या आठवड्यात दोघी खूप हसल्या. आई तर मोठ्याने बोलायला लागली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी डब्यात एकच माप होतं. चिठ्ठीवर तेच साधंसुधं नाव, आणि खाली डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात, वरचे पुढचे चार, पेशंट जिन्यावरून पडली, तातडीने हवे. तिने प्लास्टर ओतलं. ते सुकायला लागतात तेवढी मिनिटं ती घड्याळाकडे बघत राहिली आणि मनात म्हणत राहिली, की या नावाच्या बायका शंभर असतील. साचा सोडवला. डावीकडे हिची कॅप, तिच्यावर हिची खाच. वळलेला सुळा. आणि पुढे, जिथे फट असायची तिथे, काहीच नव्हतं. सुजलेल्या हिरडीचा एक ओबडधोबड बांध तेवढा, त्यावर टाक्यांच्या बारीक खुणा. बाकी सगळं जिथल्या तिथे, गालाकडचा एकही दात हललेला नाही. जिन्यावरून पडलेल्यांची तोंडं तिने खूप पाहिली होती. ती अशी नसतात, ती कशीही असतात. हे मोजून होतं. चार दात, एकाशेजारी एक, आणि त्या चारांवरून तिने अंगठा फिरताना बघितला होता. ती मोरीवर जाऊन हात धूत राहिली. परत आली तेव्हा मास्तर तो साचा दिव्याखाली धरून बघत होते. "आधीचे कसे होते कुणास ठाऊक," ते म्हणाले. "अंदाजाने सरळ चार लावून टाक, फटबिट ठेवू नको. बाई खूश होईल." तिने मान हलवली आणि म्हणाली, मी बघते.

आता मास्तरांनी सांगितलं तसं सरळ चार लावले असते तर काही बिघडलं नसतं. उलट सुटली असती. कुठल्याही लॅबमधले, कुणाच्याही हातचे दात. रेडिओला काय कळणार होतं? संशय आला असता, पण संशयाला पुरावा नसता; हुबेहूब तेच दात गेले, तर मात्र तोंड कुणी ओळखलं ते उघडच होणार होतं. हे तिला कळत होतं, आणि तरी संध्याकाळी घरी गेल्यावर तिने फळीवरचा साचा उचलला, सुईदोरा काढून आईच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी तो पिशवीतून लॅबमध्ये नेला. जगात ते चार दात कसे होते हे सांगणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि ते परत बनवू शकणारी ती एकटी. मेणाच्या गुलाबी पट्टीवर तिने एकेक दात बसवला, काढला, घासला, परत बसवला. मधल्या दोघांत तांदळाचा दाणा जाईल एवढी जागा ठेवली. उजवीकडचा एक कणभर आत होता, तो आत घेतला. एकाच्या कडेला केसाएवढा टवका होता, रेडिओ बाटलीची झाकणं दातांनी उघडायची त्याचा, तोसुद्धा घासून तसाच पाडला. दोन दिवस ती जेवायला उठली नाही. हे प्रायश्चित्त होतं असं कुणी म्हणेल, तिलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर हात थांबत नव्हते. नीट येत असलेलं काम मुद्दाम वाईट करणं तिला जमलं नाही, एवढीच गोष्ट होती. काम झाल्यावर मास्तरांनी ते जुन्या साच्याशेजारी ठेवून बघितलं आणि कधी नव्हे ते चष्मा काढून पुसला. "तुला हिचं जुनं माप कुठे मिळालं?" त्यांनी विचारलं. "घरी होतं," ती म्हणाली. मास्तरांनी चष्मा परत लावला आणि ते आपल्या टेबलाशी गेले.

आठवड्याने दवाखान्यातली मदतनीस बाई डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी टेबलाला टेकून गप्पा मारायला लागली. "तुमच्या त्या चार दातांची काय वाहवा झाली म्हणून सांगू," ती म्हणाली. "पेशंट आरसा सोडेचना. आधी आठ दिवस तोंडाला रुमाल लावून यायची, एक अक्षर बोलायची नाही, सगळं लिहून दाखवायची. दात बसवले आणि बघतच राहिली. मला वाटलं आता रडते. तर हसली की. जीभ लावून लावून बघत होती त्या फटीला. मग विचारलं, हे कुणी बनवले. मी म्हटलं, लॅबमध्ये एक ताई आहेत, फार सुंदर काम करतात. तर म्हणाली, माहीत आहे." दातवालीने विचारलं, आणखी काय म्हणाली. "काही नाही. पैसे दिले आणि गेली. आज सकाळचीच गोष्ट." बाई गेल्यावर ती थोडा वेळ हातातलं काम करत राहिली. दुपारचे तीन वाजले होते. घरी आई एकटी होती आणि आईला नवी सवय लागली होती, दार उघडं टाकून बसायची. म्हणायची, इतकी वर्षं बंद दारांपाशी काढली, आता जरा वारा येऊ दे. तिने फोन उचलला आणि घरी लावला. बराच वेळ वाजला. मग आईचा आवाज आला, मोकळा, मोठा, आनंदातला. "अगं, बरं झालं केलास. तुझी मैत्रीण आलीय, केव्हाची बसलीय. मी म्हटलं फोन लावते, तर म्हणे नको, कामात असेल. तिनेच दार लावून घेतलं, म्हणाली मावशी, असं उघडं टाकू नये. किती गोड बोलते गं. आणि दात काय सुंदर आहेत पोरीचे." तिने एका हाताने पर्स ओढून घेतली. "ऐकतेयस ना?" आई म्हणाली. "ती म्हणते, आम्ही दोघी सगळं अर्धं अर्धं करायचो. तुझं अर्धं तिच्याकडे राहिलंय म्हणे, तेच द्यायला आलीय. थांब, ती काहीतरी सांगतेय." फोन हातातून हातात गेल्यासारखा खरखरला, आणि मग त्यातून ती बारीक शिट्टी आली, हिने स्वतःच्या हाताने मोजून ठेवलेल्या जागेतून, अगदी पूर्वीसारखी. "सावकाश ये, दातूबाई," रेडिओ म्हणाली. "मी बसलेय मावशींपाशी. मला घाई नाही."